गुलाबी मुंबईकर

लोणंदला काय नाही? कांद्याचा बाजार आहे. पुणे-मिरज मार्गावरचं स्टेशन आहे आणि २०१९ पासून तिथून फलटणलाही गाडी सुटते. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी नीरास्नान उरकून मुक्कामाला येते, तेव्हा तर गावात उभं राहायला जागा मिळत नाही. नाही तो फक्त समुद्र. पण त्याची उणीव कुणाला भासल्याचं ऐकिवात नाही. समुद्राकाठचं जे जे उपयोगाचं, ते आमच्याकडे बसल्या जागी येतं. मीठ येतं, सुकट-बोंबील येतात आणि यात्रेला मुंबईकर येतात.

आमच्याकडचा मुंबईकर म्हणजे मुंबईत जन्मलेला माणूस नव्हे. तो आमच्याच आळीत जन्मतो, आमच्याच शाळेत मार खातो आणि दुष्काळाच्या एखाद्या साली गाडीत बसून निघून जातो. सातारा-सांगलीच्या कोरडवाहू गावांतून पिढ्यानपिढ्या अशी माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि बाजारांत गेली. बाजारात गेलेल्यांनी डोक्यापाठीवर गोण्या वाहिल्या. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ मध्ये माथाडींचा कायदा झाला. पुढे घाऊक बाजार मुंबईतून उठून वाशी-तुर्भ्याला गेला आणि त्याच्या मागोमाग आमची माणसं कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत राहायला गेली. आज लोणंदचा कांदा वाशीला उतरतो, तेव्हा उतरवणाऱ्याशी चार वाक्यं बोललं की पाचव्या वाक्याला तो पाहुणा निघतो.

या मुंबईकराची ठरलेली लक्षणं आहेत. पोट मुंबईला, लग्नकार्य गावाला. प्रवास रात्रीचा. मुंबईत तो दाटीवाटीने, दुसऱ्याच्या कोपराला कोपर लावून आनंदात राहतो. गावाकडच्या चार खोल्यांत मात्र त्याला दोन दिवसांत करमेनासं होतं. आणि पावसाची चाहूल लागली की त्याला गाव आठवतं.

ठाण्याच्या खाडीत येणारा फ्लेमिंगो यातल्या एकाही लक्षणाला चुकत नाही.

त्याचं गाव कच्छच्या रणात आहे. तिथं पावसाचं पाणी साचलं की चिखलाचे बुटके ढिगारे रचून तो त्यावर घरटं मांडतो. पाणी आटलं की पोटामागे बाहेर पडतो. १९९० च्या दशकापासून शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या चिखलात त्याचे मोठे थवे दिसू लागले. नोव्हेंबर-डिसेंबरात मंडळी उतरतात, मे संपता संपता निघतात. ज्या वर्षी बरी भरती होते, त्या वर्षी आकडा लाखाच्या वर जातो. लांबचा पल्ला ते रात्री उडून मारतात, म्हणजे तिथंही रातराणीच. लाखभर जीव रात्रीच्या रात्री मुंबईला येतात, दिवसभर मान खाली घालून काम करतात आणि पोराबाळांचं करायला गावाला परततात. मुंबईकर आणखी वेगळा काय असतो?

मी त्यांना पाहिलं ते तात्यांबरोबर. तात्या माझे चुलते. जानेवारीत ते कांद्याच्या ट्रकात बसून वाशीला आले होते. विक्री झाली होती, पट्टी हातात पडली होती आणि तिच्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई, वाराई वजा जाऊन जे खाली उरलं होतं त्याकडे बघत ते बाजाराच्या गेटाशी उभे होते. अशा मनःस्थितीतल्या माणसाला निसर्ग दाखवू नये. पण त्यांची सून, म्हणजे माझी ऐरोलीची वहिनी, उत्साही बाई आहे. सासरा मुंबईला आला की त्याला काहीतरी दाखवलंच पाहिजे, आणि सिद्धिविनायक दाखवून झाला होता.

"तात्या, आज आपण फ्लेमिंगो बघायला जाऊ. बोटीतनं."

"त्यो काय असतो?"

"पक्षी. गुलाबी."

तात्यांनी पट्टीची घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि विचारलं, "पैसं पडत्यात?"

पैसे पडत होते. तात्या ते ऐकून जागीच थांबले. पक्षी बघायला पैसे, ही कल्पना त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. पक्षी न दिसण्यासाठी त्यांनी जन्मभर पैसे खर्च केले होते. गोफण, बुजगावणं, चमकणाऱ्या पट्ट्या, सगळा खर्च त्याच खात्यावरचा.

ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून बोटी सुटतात. सुटतात त्या घड्याळावर मात्र नाहीत. पूर्ण ओहोटीला बोटीला पाणी पुरत नाही; पूर्ण भरतीला सगळा चिखल बुडतो आणि पक्षी उठून दुसरीकडे जातात. त्यामुळे मधली वेळ साधावी लागते, आणि भरतीची वेळ तर रोज पाऊणेक तास पुढे सरकते. शहरातल्या माणसाला हे पटत नाही. आमच्या पुढे एक गृहस्थ खिडकीशी हुज्जत घालत होते की काल इतक्या वाजता बोट होती, मग आज का नाही. खिडकीतला माणूस चंद्राकडे बोट दाखवू शकत नव्हता, कारण दिवस होता.

तात्यांना मात्र हे एका वाक्यात कळलं. त्यांनी बोटवाल्याला विचारलं, "आज तिथी काय?" बोटवाला दादा स्थानिक आगरी. त्याने अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग समजावून सांगितला, आणि दोघांचं जमलं. एकाच पंचांगावर दोघांचा संसार चालला होता. फरक इतकाच, की तात्या त्यात उपास शोधत होते आणि दादा मासळी.

बोट निघाली. दोन्ही बाजूंना तिवरांची दाट झाडी. तात्यांनी आधी झाडांची चौकशी केली, कारण शेतकऱ्याला पक्ष्याआधी पीक दिसतं. खाऱ्या पाण्यात झाड जगतं कसं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आमच्या भागात उसाला पाणी पाजपाजून जमिनी खारवल्या आहेत आणि खारवट रानात कुसळही उगवत नाही. दादाने तिवराचं एक पान खुडून दिलं. तात्यांनी जीभ लावली. खारट. तिवर आत आलेलं जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलात हवा नसते म्हणून त्याची मुळं जमिनीतून बोटं वर काढून श्वास घेतात. तात्या त्या हजारो बोटांकडे बघत म्हणाले, "ही जात आपल्याकडं लावली पायजे." मग त्याला फळ काय येतं, बाजारभाव काय, असं विचारून झालं, आणि बाजारभाव नाही हे ऐकून ते मुद्द्यावरून उठले. पांढरी चिप्पी या कांदळाला २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला आहे, हे वहिनीने सांगितलं. "मान मिळाला, भाव न्हाय मिळाला," तात्या म्हणाले. "माझंबी तसंच हाय."

चिखलावर एक मासा चालत होता. चालत म्हणजे खरोखर चालत, पुढच्या परांवर जोर देत. ती निवटी. पाण्याबाहेरही ओलं अंग ठेवून ती बराच वेळ तगते. दादा म्हणाला, तिचं कालवण झकास होतं. तात्या माळकरी. त्यांनी कानावर हात ठेवला, पण निवटी दिसेनाशी होईपर्यंत मान मात्र वळवून ठेवली. याच झाडीत सोनेरी कोल्हे राहतात, हे कळल्यावर तर ते फार खूश झाले. "मुंबईला कोल्हं हायतच," ते म्हणाले. "पर खरं कोल्हं बी हायत हे आज कळलं."

आणि मग वळणावर ते दिसले. उथळ पाण्यात हजारो. लांबून आधी नुसता रंग दिसतो, जवळ गेल्यावर त्या रंगाला पाय फुटतात. बोटीतल्या लोकांनी एकदम मोबाइल वर केले. मुलं ओरडली, आयांनी त्यांना गप्प केलं आणि मग स्वतः ओरडल्या. एकानेही आमच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या.

"ह्यांचं काय हरवलंय?" तात्यांनी विचारलं.

हरवलेलं काही नसतं. तो त्यांचा जेवणाचा प्रकार आहे. फ्लेमिंगो चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, म्हणजे वरचा जबडा खाली आणि खालचा वर. जिभेच्या दट्ट्याने पाणी आत ओढतो, बाहेर फेकतो, आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत जे अडकेल ते खातो. खाडीत त्याच्या दोन जाती असतात. मोठ्या फ्लेमिंगोची झालर जाड, त्यात किडे, कोळंबीवर्गातले जीव, अळ्या अडकतात. लहान फ्लेमिंगोची झालर इतकी बारीक, की त्यात डोळ्यांना न दिसणारं निळं-हिरवं शेवाळ गाळलं जातं. दोघं एकाच चिखलात शेजारी शेजारी जेवतात आणि भांडत नाहीत, कारण एकाला जे हवं ते दुसऱ्याच्या चाळणीत थांबतच नाही. भावकीत वाटण्या करताना ही पद्धत आधी कुणी सुचवली असती, तर आमच्या तालुक्यातले निम्मे दावे मिटले असते.

या शेवाळाची आणखी एक गंमत आहे. खाडी गाळाने उथळ होत गेली, तसे चिखलाचे पट्टे वाढले. आणि दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी तिच्यात येत राहिलं, त्यावर शेवाळ पोसलं गेलं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे लाखभर पाहुणे जेवायला बसतात त्या पंगतीचा मालमसाला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोऱ्यांतून येतो. याचा अर्थ घाण सोडत राहावी असा नव्हे. एका मर्यादेपुढे तेच पाणी विष होतं, आणि त्यात कारखान्यांचं रसायन मिसळलं तर ती मर्यादा फार लवकर येते. पण मुंबईत कुणाचं पोट कशावर भरेल हे सांगता येत नाही, हा आमच्या गावचा जुना अनुभव या पक्ष्यांनाही आला आहे खरा.

रंगही त्या खाण्याचाच. पिल्लू जन्मतं तेव्हा पांढुरकं-राखाडी असतं. शेवाळातली आणि बारीक जिवांतली रंगद्रव्यं अंगात मुरत मुरत दोन-तीन वर्षांत ते गुलाबी होतं. इथे वहिनीने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. लोणंदहून आला तेव्हा याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मुंबईचं पाणी दोन वर्षं पोटात गेलं आणि आता सोसायटीच्या सभेत माईक सोडत नाही.

कडेला काही फ्लेमिंगो एका पायावर झोपले होते. उभं राहण्याच्या बाबतीत आमच्या भागातला माणूस सहजासहजी भारावत नाही. आमचा देव अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे, आणि लोणंदहून पालखी निघाली की चांदोबाच्या लिंबाला वारीतलं पहिलं रिंगण होतं, तेही उभंच. तरी एका पायाचं तात्यांना कौतुक वाटलं. मी त्यांना सांगितलं, की २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी याचा छडा लावला. फ्लेमिंगो एका पायावर उभा राहतो तेव्हा त्याचे सांधे असे काही बसतात, की स्नायूंना जवळजवळ जोरच लावावा लागत नाही. त्यांनी मेलेला फ्लेमिंगो एका पायावर ठेवून बघितला, तर तोही उभा राहिला; दोन पायांवर मात्र राहीना.

तात्या बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "मेल्यावर बी बसू दिलं न्हाय म्हंजी त्याला."

पुढची माहिती वहिनीने दिली आणि जरा मोठ्याने दिली. फ्लेमिंगोची जोडी एका वेळी एकच अंडं घालते. आई आणि बाप दोघं आळीपाळीने उबवतात. पिल्लू झालं की दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीत एक प्रकारचं दूध तयार होतं आणि दोघंही ते पिल्लाला भरवतात.

"बाप?" तात्या म्हणाले.

"बाप," वहिनी म्हणाली.

"दूध?"

"दूध."

माझा चुलतभाऊ अतिशय मन लावून एका बगळ्याचा फोटो काढू लागला. पुढे पिल्लं जरा मोठी झाली, की शेकड्यांनी, हजारांनी एकत्र फिरतात आणि थोडी मोठी माणसं, म्हणजे मोठे पक्षी, त्यांच्यावर नजर ठेवतात. कच्छच्या रणात, भर उन्हात, फी न घेणारं पाळणाघर! वहिनीच्या डोळ्यांत त्या क्षणी जे पाणी आलं ते निसर्गप्रेमाचं नव्हतं.

बीएनएचएस, म्हणजे १८८३ सालची मुंबईची निसर्ग इतिहास संस्था, या पक्ष्यांवर लक्ष ठेवून आहे. २०२२ मध्ये तिने काही फ्लेमिंगोंच्या अंगावर उपग्रहाला निरोप धाडणारी यंत्रं बसवली आणि त्यांना नावं ठेवली. एकाचं नाव सलीम, सलीम अलींवरून. एकाचं हुमायून, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींवरून. हे हुमायून गुजरातला गेले, फिरले, आणि पुढच्या हंगामाला पुन्हा मुंबईला हजर झाले. नोकरी करून गावाला गेलेला माणूस रजा संपल्यावर वेळेवर परत आला, याची बातमी वर्तमानपत्रात छापून आली. आमच्या माणसांची अशी बातमी कधी आली नाही. अर्थात ती वेळेवर आलीही नाहीत म्हणा.

परतीच्या वाटेवर तात्यांनी खरा प्रश्न विचारला. "जागा कुणाची?"

आमच्याकडे सोयरीक जमवताना मुलाचा स्वभाव, शिक्षण, पगार यांची चौकशी होते, पण ती उभ्या उभ्या. बसून विचारायचा प्रश्न एकच: मुंबईत जागा स्वतःची आहे का? वहिनीच्या माहेरच्या एका चांगल्या मुलाचं लग्न केवळ भाड्याच्या खोलीपायी अडून बसलं आहे. त्या निकषावर फ्लेमिंगोसारखं स्थळ नाही. २०१५ मध्ये सरकारने खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग त्याच्या नावाने अभयारण्य म्हणून जाहीर केला. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय शिक्का बसला. इराणमध्ये कॅस्पियन समुद्राकाठी रामसर नावाचं शहर आहे. १९७१ मध्ये तिथे देशोदेशींनी पाणथळ जागा राखायचा करार केला, आणि त्या कराराच्या यादीत महाराष्ट्रातून नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यामागे ठाणे खाडीचं नाव लागलं.

तात्यांनी मनात हेक्टरचे एकर केले. "चार हजार एकराच्या वर! नव्या मुंबईत!" त्यांचा आवाज कापरा झाला. "सातबारा?"

"सरकारचा."

"म्हंजी ह्यो कूळ."

कूळच. पण कसेल त्याची जमीन, तशी चरेल त्याची खाडी, असा कायदा अजून झालेला नाही. काठावरच्या शहराचं फ्लेमिंगोवर प्रेम आहे यात शंका नाही. नवी मुंबईत भिंतींवर फ्लेमिंगो रंगवलेले आहेत, चौकांत त्यांचे पुतळे आहेत, नव्या इमारतींच्या जाहिरातीतही तो उभा असतो. ज्या पाणथळीवर भराव टाकून इमारत उभी राहायची, तिथल्याच पक्ष्याने तिची जाहिरात करायची, आणि तीही एका पायावर, फुकट!

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग दादाने इंजिन बारीक केलं आणि मे २०२४ ची गोष्ट काढली. त्या महिन्यातल्या एका रात्री घाटकोपरच्या आकाशात उतरणाऱ्या विमानाची आणि थव्याची धडक झाली. चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो वस्तीत, रस्त्यांवर मरून पडले. तो थवा त्या वेळी तिथे का होता, यावर तज्ज्ञांची मतं वेगवेगळी आहेत. पण एक गोष्ट सगळेच सांगतात. अभयारण्याची रेघ खाडीत आहे. पक्ष्यांचा दिवस मात्र त्या रेघेत संपत नाही. भरती आली की चिखल बुडतो आणि त्यांना घटकाभर टेकायला नेरूळ-सीवूड्सच्या बाजूची उथळ तळी लागतात. त्या तळ्यांत पाणी येण्याची वाट बुजली किंवा त्यांच्यावर भराव पडला, तर भरतीच्या वेळी एवढ्या मोठ्या जमावाने जायचं कुठे?

तात्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. तरुणपणी काही वर्षं ते माझगावला गावकीच्या खोलीत राहिले होते. एका खोलीत गावातली पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपायची. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठायचा आणि वळकटी गरम असतानाच दुसरा आडवा व्हायचा. तात्या म्हणाले, "कामाची जागा येगळी, पाठ टेकायची येगळी, पोरं वाढवायची येगळी. तिन्ही लागत्यात. ह्यांला सरकारनं कागद एकाच जागंचा दिलाय." पाणथळींवर भरलेल्या सभांची इतिवृत्तं मी वाचलेली आहेत. इतक्या थोडक्यात हे कुणी मांडलेलं मला आठवत नाही.

तात्या लोणंदला परतले आणि त्यांनी पारावर फ्लेमिंगो सांगितला. लोकांनी तो नीट ऐकून घेतला. एकाने विचारलं, "पर बघायला पैसं दिलं?" आणि सभा बरखास्त झाली.

खरं तर फ्लेमिंगो बघायला ऐरोलीला जायचीही गरज नव्हती. आमच्याच जिल्ह्यात खटाव तालुक्यात मायणी आहे. दुष्काळी मुलुखातल्या त्या तलावांवर फ्लेमिंगो फार पूर्वीपासून उतरतात आणि २०२१ मध्ये तिथे पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव क्षेत्रही जाहीर झालं. आणि लोणंदच्या उशाला नीरेवर वीरचं धरण आहे. अभयारण्य नाही, फलक नाही, बोट नाही. पाणी आहे, आणि हिवाळ्यात त्या पाण्यावर पट्टकादंब येतात. राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंसाच्या कुळीतला पक्षी उन्हाळ्यात मंगोलियात, तिबेटात, लडाखात असतो आणि थंडीला हिमालय ओलांडून खाली येतो. सात हजार मीटरच्या वरून उडताना त्याची नोंद झालेली आहे. त्या उंचीवर माणसाला दोन पावलं टाकताना धाप लागते. हा तिथून पंख मारत येतो तो नेमका आमच्या तालुक्याच्या वेशीवर उतरतो. बरोबर कांड्या करकोच्यांचे थवेही असतात.

रविवारी पुण्याहून गाड्या येतात. त्यातून लांब नळ्यांचे कॅमेरे घेतलेली माणसं उतरतात आणि धरणाच्या कडेला पालथी पडतात. लोणंदच्या माणसाला त्यांच्याबद्दल कणव वाटते. सुरुवातीला लोक त्यांना उचलायलाही धावत.

धरणाचं पाणी मागे सरलं की फुगवट्याची गाळपेर जमीन उघडी पडते. तिथे तात्यांचा हरभरा असतो. पट्टकादंबाला हिमालय ओलांडल्यावर भूक लागते आणि त्याला हरभरा आवडतो. ऐरोलीहून आल्यापासून तात्या बांधावर बसून याचा हिशेब मांडतात. खाडीतला पक्षी फुकटचा चिखल खातो आणि त्याला बघायला तिकीट. आमचा पक्षी विकतचं बियाणं खातो आणि बघणं फुकट. म्हणजे जेवणावळ तात्यांची आणि फोटो पुणेकरांचे.

परवा तात्या थाळी बडवत थव्यामागे धावले, तेव्हा पालथ्या पडलेल्या मंडळींतला एकजण कपडे झटकत उठला. "काका, हाकलू नका हो त्यांना," तो कळवळून म्हणाला. "बिचारे हिमालय ओलांडून आलेत."

"मग दुपारच्याला तुमच्याकडं न्या," तात्या म्हणाले. "न्याहारी माझ्याकडं झालीया."

तो माणूस खरोखर भला होता. त्याने तात्यांना कॅमेऱ्यातून पट्टकादंब दाखवला. डोक्यावरचे दोन पट्टे, चोचीचं पिवळं, आणि चोचीत धरलेला, अगदी स्पष्ट दिसणारा, तात्यांचा घाटा. तात्या बराच वेळ बघत राहिले. मग त्याने संकोचत विचारलं, घरी न्यायला हरभऱ्याचे थोडे डहाळे मिळतील का? तात्यांनी चांगले भरलेले बघून उपटले, माती झटकली, जुडी बांधून हातात दिली आणि दर सांगितला. त्यात हमाली, तोलाई आणि पाहुण्यांची न्याहारी धरलेली होती.